वैद्यबुवा कोण होणार? – गोष्टीच्या खेळातली एक दुर्लक्षित भूमिका



वर्गात नाट्यीकरण घ्यायचं म्हटलं की पहिली दहा मिनिटं भूमिका वाटण्यातच जातात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. राजा व्हायला अर्धा वर्ग हात वर करतो. सेनापती व्हायलाही चढाओढ असते. पण जखमी मावळ्याला पट्टी बांधणारा कोण होणार, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. शेवटी आपणच कुणाला तरी उभं करतो. बहुतेक वेळा ती एखादी शांत मुलगी असते.

मीही हेच करत आले. पण गेल्या वर्षी एका वेगळ्याच खेळामुळे मला या पट्टी बांधणाऱ्याकडे नव्यानं बघावं लागलं. त्याबद्दल आजचा लेख.

हा खेळ काय आहे?

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. तो आणि त्याचे मित्र रविवारी टेबलाभोवती बसून चार-चार तास एक खेळ खेळतात. मोबाईल नाही, पडदा नाही. कागद, पेन्सिल आणि फासे एवढंच साहित्य. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतात. "समोर अंधारी गुहा आहे, आतून आवाज येतोय, तुम्ही काय करता?" असं सांगणारा विचारतो. खेळणारा आपण काय करणार ते सांगतो. ते जमलं की नाही, हे फासा ठरवतो. हा फासा आपल्या लुडोसारखा सहा बाजूंचा नसतो, वीस बाजूंचा असतो.

या खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला आणि १९७४ साली तो छापून बाजारात आला. पुढे आलेल्या असंख्य खेळांचं मूळ यात आहे. सुरुवातीला यात तीनच प्रकारची पात्रं होती. लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक.

पहिले दोन लगेच कळतात. क्लेरिक म्हणजे कोण? थोडा पुजारी, थोडा वैद्य आणि थोडा शिपाई. तो एका देवाला किंवा तत्त्वाला वाहून घेतलेला असतो. त्या निष्ठेतून त्याला शक्ती मिळते आणि तिनं तो साथीदारांच्या जखमा बऱ्या करतो. गंमत म्हणजे तो मागे तंबूत बसून राहत नाही. चिलखत घालून सगळ्यांबरोबर पुढे जातो. जुन्या नियमात त्याला धारदार शस्त्र वापरायची मनाई होती, गदेसारखं बोथट शस्त्र मात्र चालायचं. गदा म्हटल्यावर आमच्या वर्गातल्या मुलांना मारुती आणि भीम आठवले आणि निम्मं काम तिथंच झालं!

हे पात्र आलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. आर्नेसन यांच्या मित्रमंडळींच्या खेळात एक जण रक्तपिपासू व्हॅम्पायर झाला होता. तो इतका ताकदवान होत गेला की बाकीच्यांना खेळणं अवघड झालं. त्याला आवरायला कुणीतरी हवं म्हणून हे पात्र तयार करण्यात आलं. जखमा बऱ्या करण्याचं कामही त्याच्याकडेच आलं आणि पुढे तीच त्याची खरी ओळख झाली.

यात आवडण्यासारखं काय?

भाचा दोन वर्षं क्लेरिकच खेळतोय. मी त्याला म्हटलं, "अरे, तलवार सोडून हे काय घेतलंस?" तर म्हणाला, "मावशी, मारणारे तिघं-चौघं असतातच गं. पण ते उभे राहतात ते माझ्यामुळे."

मी त्याचा खेळ दोन वेळा बसून पाहिला. त्यातून मला तीन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट, तो सगळ्यांना लागतो. अडचणीच्या वेळी सगळे त्याच्याकडे बघतात. आपली कुणाला तरी गरज आहे, ही भावना लहान-मोठ्या सगळ्यांनाच हवी असते. धावण्यात पहिला न येणाऱ्या, मोठ्यानं न बोलणाऱ्या मुलाला तर ती फार क्वचित मिळते.

दुसरी गोष्ट, त्याची शक्ती मोजकी असते. २०१४ च्या नियमांप्रमाणे अगदी नवख्या क्लेरिकला मोठे मंत्र दोनदाच वापरता येतात. नंतर रात्रभर विश्रांती घेतल्यावरच ती शक्ती परत येते. प्रत्येक पात्राला ठरावीक प्राणांक असतात. ते शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडतं. मग आपल्या प्रत्येक पाळीला त्याचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशं आधी आली तर जीव वाचतो, तीन अपयशं आधी आली तर ते पात्र गेलं. आता समजा दोघं पडलेत आणि मंत्र एकच उरलाय. कुणाला उठवायचं? लढवय्याला असा प्रश्न सहसा पडत नाही. म्हणजे बाहेरून साधं 'मदतीचं काम' वाटलं तरी सगळ्यात अवघड निर्णय याच्याच वाट्याला येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वचन. त्याची ताकद स्वतःची नाही, कशाला तरी बांधून घेतल्यामुळे ती आलेली आहे. त्यामुळे मनाला येईल तसं वागता येत नाही. "मी असं वागलो तर माझ्या वचनाचं काय?" हे त्याला सतत स्वतःला विचारावं लागतं. आपण मूल्यशिक्षणात जे सांगून सांगून थकतो, ते इथं मूल स्वतः विचारतं.

आपल्या सोलापूरचं उदाहरण

मुलांना हे समजावताना मला लांब जावं लागलं नाही. आमचं मंद्रूप दक्षिण सोलापूर तालुक्यात, विजापूर रोडवर. सोलापूर शहरात १९१० साली द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं. त्यात ते होते. आघाडीजवळ, हल्ल्यांच्या सावटाखाली, अपुऱ्या साधनांत त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाने तिथं उभारलेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचं निधन झालं. वय अवघं ३२. पाच डॉक्टर गेले होते, चार परत आले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला.

मी मुलांना विचारलं, "त्यांच्या हातात बंदूक होती का?" नाही. "मग ते लढाईत होते की नव्हते?" वर्ग जरा गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "होते की बाई. सगळ्यात पुढं होते."

क्लेरिक म्हणजे काय, हे याहून सोपं करून मला सांगता आलं नसतं.

माझी चूक

आनंददायी शनिवारच्या तासाला मी हा खेळ सोपा करून चौथीच्या वर्गात घेतला. क्लेरिकचं नाव मुलांनीच ठेवलं, 'वैद्यबुवा'. मुलगी असेल तर 'वैद्यबाई'.

पहिल्या शनिवारी भूमिका मीच वाटल्या. एका गटात वैद्यबाईची भूमिका एका शांत, समजूतदार मुलीला दिली. मनात म्हटलं, हिला छान जमेल. दोन पाळ्या तिनं खेळल्या. तिसऱ्या पाळीला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, मला तलवार पायजे."

"का गं? तू किती छान सांभाळतेस सगळ्यांना."

"घरी पण मीच सांभाळते. आई कामाला गेली की दोन्ही भाऊ माझ्याकडंच असतात."

मला काही बोलता येईना. काळजी घेण्याची भूमिका चांगली आहे, हे खरंच. पण ज्याच्यावर ती आधीच लादलेली आहे, त्याच्यासाठी तो खेळ नसतो, आणखी एक काम असतं. घरी ती, शाळेतही ती, आणि शाबासकी म्हणून पुन्हा तेच काम! तलवार घेऊन पुढे धावण्याची संधी तिला नऊ वर्षांत कुणी दिली होती?

त्याच गटात मधल्या सुट्टीत रोज कुणाशी तरी भांडणारा एक मुलगा होता. त्याची तलवार तिला दिली आणि त्याला वैद्यबुवा केलं. तो आधी रुसला. पण थोड्या वेळानं गोष्टीत उसातून रानडुकरांचा कळप आला आणि दोघं पडले. एक त्याचा जिवलग दोस्त आणि एक तीच तलवारवाली मुलगी. औषध एकच उरलेलं. दोस्त ओरडतोय, "मला दे की!" हा बराच वेळ दोघांच्या चिठ्ठ्या बघत बसला. दोस्ताचं एक अपयश झालं होतं, तिची दोन. म्हणजे तिची आणखी एक चिठ्ठी वाईट निघाली तर संपलं. तो उठला, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "एळ, एळ!" घरी कन्नड बोलणारी आमची पोरं, ऐन वेळी घरचाच शब्द तोंडात येतो. एळ म्हणजे ऊठ.

दोस्त चिडला, पण पुढं त्याच्याही चिठ्ठ्या चांगल्या निघाल्या आणि तो वाचला. घरी जाताना हा मला म्हणाला, "बाई, पुढच्या शनिवारी पण मीच वैद्यबुवा."

तो मुलगा त्या दिवसापासून सुधारला, असं मी म्हणणार नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत परत भांडण झालंच. पण राग बाजूला ठेवून, मोजून, गरज कुणाला जास्त आहे हे तो ठरवू शकतो, हे मला त्या दिवशी दिसलं. त्याआधी मी त्याला तशी संधीच दिली नव्हती.

वर्गात कसं घ्यावं?

साहित्य: खोक्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या (प्रत्येक गटाला एक खोकं), लुडोचा फासा आणि चिंचोके.

१. पाच-पाच मुलांचे गट करा. दोन लढवय्ये, एक वाटाड्या, एक निरोप्या आणि एक वैद्य. गोष्ट सगळ्या गटांना एकच सांगा. आमची गोष्ट होती, "सीनेला पूर आलाय, पलीकडच्या वस्तीवर औषधं पोहोचवायची आहेत."

२. प्रत्येकाला १० चिंचोके द्या. हे त्याचे प्राणांक.

३. काही अवघड करायचं असेल तर चिठ्ठी काढायची. १० किंवा जास्त आलं तर जमलं. चिठ्ठी पुन्हा खोक्यात टाकायची.

४. चिंचोके संपले की खाली बसायचं आणि दर पाळीला एक चिठ्ठी काढायची. आधी तीन यशं की तीन अपयशं, त्यावर निकाल.

५. वैद्याकडे दिवसाला दोनच औषधं. पडलेल्याच्या जवळ जाऊनच ती देता येतात. लुडोचा फासा टाकायचा, जितके पडतील तितके चिंचोके परत. गोष्टीत रात्र झाली की औषधं पुन्हा दोन.

६. दर शनिवारी भूमिका बदला. ही सूचना कृपया गाळू नका. ती माझ्या चुकीतून आलेली आहे.

यात गणितही आपोआप होतं. "२० पैकी किती चिठ्ठ्या चांगल्या?" मुलं पटकन १० म्हणतात. मोजायला लावा, १० ते २० हे ११ आकडे आहेत. शिवाय वजाबाकी, भाषण-संभाषण आणि दुसऱ्याचं ऐकून घेणं हेही आलंच.

पालकांच्या मनातला प्रश्न

एका पालकांनी विचारलं, "बाई, मंत्रानं जखम बरी होते असं पोरांना शिकवायचं का?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतही १९८० च्या दशकात देव, भुतं, जादू यांवरून काही पालकांनी आणि धार्मिक गटांनी या खेळाला विरोध केला होता.

म्हणूनच मी वर्गात मंत्र ठेवला नाही, औषध ठेवलं. आपल्याकडे ऊस आहे, साप आहेत. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेण्यात वेळ गेला तर जीव जाऊ शकतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. खेळ संपला की आम्ही एकदा मोठ्यानं विचारतो, "खरंच साप चावला तर?" आणि सगळा वर्ग ओरडतो, "थेट दवाखाना!"

बाकी देवाधर्माचा भाग प्रत्येकाच्या घरचा. क्लेरिकमधून वर्गासाठी मी एवढंच घेतलं की ताकद मिळते तेव्हा तिच्यासोबत एक वचनही येतं.

शेवटी एकच विनंती. पुढच्या नाट्यीकरणात पट्टी बांधणाऱ्याची भूमिका उरलीसुरली म्हणून कुणाला देऊ नका. आधी ती किती अवघड आहे ते सांगा, मग हात वर करायला सांगा. आणि नेहमी सगळ्यांना सांभाळणाऱ्या त्या मुलीच्या हातात एकदा तलवार देऊन बघा. तुमच्या वर्गात काय घडलं, ते मला जरूर कळवा.