करवाढीचं एक वाक्य आणि नंतरची नऊ वर्षं

19 जुलै 1984 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये वॉल्टर मॉन्डेल यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली. भाषणात ते सत्तेवर असलेले रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांच्याविषयी म्हणाले, “रेगन कर वाढवतील आणि मीही वाढवीन. ते तुम्हाला सांगणार नाहीत. मी आत्ताच सांगितलं.” प्रतिनिधींनी टाळ्यांचा कडकडाट केला. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी 50 पैकी 49 राज्यं रेगन यांच्या पदरात टाकली. मॉन्डेल यांच्याकडे उरलं ते त्यांचं स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन. या दोन घटनांची गाठ अमेरिकी राजकारणाने कायमची बांधली : करवाढ बोलून दाखवली की माणूस हरतो. हा निष्कर्ष मला तेवढा सरळ वाटत नाही, आणि त्याचे परिणाम तर वाईटच झाले.

त्या वेळचा हिशेब असा होता. 1981 मध्ये रेगन यांनी प्राप्तिकराचे दर तीन टप्प्यांत जवळजवळ चतुर्थांशाने उतरवले. सर्वांत वरचा दर 70 टक्क्यांवरून 50 वर आला. त्याच काळात संरक्षणखर्च वाढत गेला. 1983 ची तूट 200 अब्ज डॉलरच्या वर गेली. खुद्द रेगन यांनीच 1982 मध्ये महसूल वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली होती. तसाच दुसरा कायदा त्यांनी मंजूर केला तो 18 जुलै 1984 रोजी, म्हणजे मॉन्डेल यांच्या भाषणाच्या आदल्या दिवशी. तेव्हा मॉन्डेल काही आगळंवेगळं सांगत नव्हते. अर्थसंकल्पाशी रोजचा संबंध असलेल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

तरीही रिपब्लिकन गोटात आनंद झाला. प्रतिपक्षाने हातात आयतं शस्त्र दिलं होतं. पण त्या गोटातही एकमत नव्हतं. करवाढ हा अगदी शेवटचा उपाय, असं म्हणून रेगन यांनी फट ठेवली. ऑगस्टमध्ये डॅलसच्या अधिवेशनात जाहीरनाम्यावरून वाद पेटला, तो एका स्वल्पविरामावर. अर्थव्यवस्थेच्या उभारीला मारक ठरतील अशा करांना विरोध, असं मूळ वाक्य होतं; मग मारक न ठरणारे कर चालतील, असा त्याचा अर्थ निघत होता. कडव्या करविरोधकांनी स्वल्पविराम घालून घेतला आणि प्रत्येक करवाढ मारकच ठरवली. स्वतःच्याच अध्यक्षाचा हात बांधण्याची ही धडपड होती.

सप्टेंबरमध्ये मॉन्डेल यांनी तपशीलवार योजना मांडली. 1989 पर्यंत सुमारे 85 अब्ज डॉलरचे कर वाढवायचे, भार मुख्यतः वरच्या उत्पन्नगटांवर टाकायचा आणि तूट दोन तृतीयांशाने घटवायची. माझ्या मते खरी अडचण इथे होती. नवा पैसा तूट भरण्यासाठी होता. शाळा, दवाखाना, रस्ता असं काही मतदाराच्या डोळ्यांसमोर उभं राहत नव्हतं. खिशातून काय जाणार हे स्पष्ट होतं, पदरात काय पडणार हे नव्हतं. प्रामाणिकपणा पुरेपूर होता; त्यामागचं प्रयोजन लोकांच्या जगण्याशी जोडलं गेलं नाही.

शिवाय पराभवाची इतर कारणं ढळढळीत होती. 1982 च्या अखेरीस 10.8 टक्क्यांवर गेलेली बेकारी निवडणुकीपर्यंत सात टक्क्यांच्या आसपास आली होती. महागाई आटोक्यात होती, अर्थव्यवस्था झपाट्याने वाढत होती. अशा वर्षी सत्तेवरच्या लोकप्रिय अध्यक्षाला हरवणं कोणालाही अवघडच होतं. पण गुंतागुंतीच्या कारणांपेक्षा एक वाक्य लक्षात ठेवणं सोपं असतं.

धडा पक्का झाला. 1986 पासून करविरोधी कार्यकर्ते ग्रोव्हर नॉर्क्विस्ट उमेदवारांकडून करवाढ न करण्याच्या लेखी प्रतिज्ञा घेऊ लागले. 1988 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांनी ‘माझे ओठ वाचा : नवे कर नाहीत’ असं ठणकावून सांगितलं आणि ते 40 राज्यांत जिंकले. तूट मात्र तशीच होती. जून 1990 मध्ये कर-महसूल वाढवावा लागेल हे बुश यांना मान्य करावं लागलं. न्यूट गिंग्रिच यांच्यासारखे त्यांच्याच पक्षाचे नेते उलटले, तूट घटवण्याचा पहिला समझोता प्रतिनिधिगृहात कोसळला. अखेर नोव्हेंबरमध्ये झालेल्या कायद्याने वरचा दर 1986 च्या करसुधारणेने ठरलेल्या 28 वरून 31 टक्क्यांवर नेला. 1992 मध्ये पॅट ब्यूकॅनन यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत बुश यांना याच मुद्द्यावर घेरलं आणि नोव्हेंबरमध्ये बुश निवडणूक हरले.

1993 मध्ये बुश यांच्या जागी आलेले डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी वरचा दर 39.6 टक्के केला. प्रतिनिधिगृहात विधेयक 218 विरुद्ध 216 मतांनी तरलं. सिनेटमध्ये बरोबरी झाल्यावर उपाध्यक्ष अल गोर यांचं मत पडलं. एकाही रिपब्लिकन सदस्याने पाठिंबा दिला नाही. 1998 मध्ये अर्थसंकल्प शिलकीत आला. त्यात भरभराटीचा मोठा वाटा होता, पण 1990 आणि 1993 चे निर्णयही होते.

मॉन्डेल यांचं भाकीत रेगन यांच्याबाबत पुरतं खरं ठरलं नाही. 1986 च्या करसुधारणेत वरचा दर उलट 28 टक्क्यांपर्यंत उतरला. पण कर कोणाला तरी वाढवावे लागणारच, हे त्यांचं म्हणणं पुढच्या दोन्ही अध्यक्षांनी कृतीने मान्य केलं. 2014 मध्ये केनेडी ग्रंथालयाने 1990 च्या समझोत्यासाठी बुश यांचा धैर्याबद्दल गौरव केला. तो रास्त होता. तरी मला मॉन्डेल यांचं धैर्य अधिक मोलाचं वाटतं, कारण ते मतदानाच्या आधीचं होतं. 1984 च्या मतदाराला योजना दिसली आणि त्याने ती नाकारली. तो त्याचा हक्क होता. 1988 च्या मतदाराला तो हक्क मिळालाच नाही. करांविषयी खरं बोलून हरलेल्या नेत्याने लोकशाहीचं काही बिघडवलं नव्हतं. बिघाड झाला तो त्याच्या पराभवातून इतरांनी गप्प राहायला शिकल्यामुळे.