शेतकऱ्याची वही आणि आलेख

बहुतेक जाणत्या शेतकऱ्यांच्या घरीं जमाखर्चाची वही असते. पाऊस किती झाला, एकरीं काय पिकलें, मालास कोणता भाव आला व मजुरी किती पडली, हें सर्व तींत नमूद असतें. परंतु दहा वर्षांचे आंकडे एकाखालीं एक मांडले, तरी त्यांतील चढउतार सहसा ध्यानांत येत नाहीं. तोच कागदावर रेघेनें दाखविला कीं पाहतांच कळतो. यास्तव आलेख काढण्याची, व त्याहूनही तो पारखण्याची कला आमच्या शेतकरी बंधूंनीं हस्तगत करावी, असें आम्हांस वाटतें.

कृति कठीण नाहीं. चौकटींच्या कागदावर खालीं एक आडवी व डावीकडे एक उभी रेघ ओढावी. आडव्या रेघेवर वर्षें मांडावीं. उभ्या रेघेवर प्रमाण ठरवावें, जसें, एक चौकट म्हणजे १०० रुपये. प्रतिवर्षींच्या भावाचा ठिपका देऊन ते ठिपके सांधले म्हणजे रेषालेख झाला. दोन शेतांची तुलना करावयाची असल्यास प्रत्येकाचा एकेक स्तंभ उभा करावा. मात्र ३ एकरांत २४ क्विंटल व ५ एकरांत ३० क्विंटल पिकलें असतां एकूण उत्पन्नाचे स्तंभ काढल्यास दुसरें शेत सरस भासेल. एकरीं हिशेब केल्यास पहिल्याचे ८ व दुसऱ्याचे ६ क्विंटल येतात. तुलना समान मापानेंच झाली पाहिजे.

या विद्येच्या इतिहासांतच शेतकऱ्यास उपयोगी असा एक धडा आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख प्रसिद्ध केले. रेषालेख व स्तंभालेख यांचा जनक म्हणून त्याचेंच नांव घेतात. नेपोलियनबरोबरचें युद्ध १८१५ सालीं संपल्यावर इंग्लंडांत गव्हाचे भाव कोसळून शेतकरी हवालदिल झाले. त्या संकटाविषयीं १८२१ सालीं लिहितांना त्यानें सुमारें २५० वर्षांचे गव्हाचे भाव स्तंभांनीं व कुशल कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेनें, अशीं एकाच कागदावर दाखविलीं. मजुरीच्या मानानें गहूं पूर्वीं कधींही इतका स्वस्त नव्हता, असें त्याचें म्हणणें होतें. परंतु तें त्या चित्रांत चटकन दिसत नाहीं; कारण गव्हाच्या एका मापास किती आठवड्यांची मजुरी पडे, हें गुणोत्तर त्यानें काढलेंच नव्हतें.

आपल्या वहीस हीच कसोटी लावावी. समजा, पांच वर्षांत ज्वारीचा क्विंटलचा भाव २,०००, २,१६०, २,२५०, २,४०० व २,४५० रुपये झाला. रेषा चढती आहे. मालक संतुष्ट होईल. परंतु त्याच वर्षांत रोजची मजुरी २००, २४०, २५०, ३०० व ३५० रुपये झाली असेल, तर एका क्विंटलांत पूर्वीं १० मजूर लागत, ते अनुक्रमें ९, ९, ८ आणि शेवटीं ७ वर आले. हा तिसरा आलेख उतरता आहे, आणि खरी स्थिति तोच सांगतो. नुसत्या भावाच्या रेषेवर विसंबून जो कर्ज काढील, तो फसेल.

दुसऱ्यानें दाखविलेला आलेख पाहतांना प्रथम उभ्या रेघेचा आरंभ पाहावा. वरील २,४०० व २,४५० या भावांचे स्तंभ शून्याऐवजीं २,३५० पासून उभारल्यास दुसरा पहिल्याच्या दुप्पट उंच दिसेल. वस्तुतः वाढ शेंकडा दोनच आहे. बियाणें, खत वा औषध विकणाऱ्याच्या पत्रकांत असे स्तंभ आढळल्यास आंकडे वाचल्यावांचून पैसा बाहेर काढूं नये.

हंगाम संपल्यावर एक संध्याकाळ या कामीं द्यावी. भाव, मजुरी व एकरी उत्पन्न यांचे आलेख दरसाल त्याच कागदावर पुढें वाढवीत जावे. पुढील पेरणीचा विचार करतांना तो कागद समोर असावा, इतकीच आमची विनंति आहे.