जुन्या संगणकाला दुसरा मॉनिटर: दानाचा पैसा खर्च करण्यापूर्वी

अनेक विहारांच्या अभ्यासिकेत कुणीतरी दान दिलेला जुना संगणक असतो. बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडाचे पान समोर ठेवून मराठी टिपणे टाइप करायची, तर एक पडदा अपुरा पडतो. मग प्रश्न येतो, दुसरा मॉनिटर लावला तर संगणक आणखी मंदावेल का?

नुसत्या मॉनिटरने फारसा नाही. हिशेब करू. 1920 × 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात. प्रत्येकी 4 बाइट धरले तर एक चित्र सुमारे 8 एमबीचे होते. ते सेकंदाला 60 वेळा पाठवायचे, म्हणजे सुमारे 500 एमबी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा भार मुख्य रॅमवर येतो. पण डीडीआर3-1600 रॅमच्या एका पट्टीची क्षमताच सेकंदाला 12.8 जीबी असते. म्हणजे भार जेमतेम 4 टक्के.

खरा भार त्या पडद्यावर आपण जे उघडतो त्याचा. जागा वाढली की ब्राउझरचे टॅब वाढतात. 4 जीबी रॅम भरली की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो आणि तिथेच अडकतो. व्हिडिओचेही तसेच. यूट्यूबचे नवे स्वरूप जुन्या ग्राफिक्सला उलगडता येत नाही, ते काम प्रोसेसरवर पडते. अशा वेळी व्हिडिओ 480 वर ठेवावा.

म्हणून रॅम 4 जीबी असेल तर पहिला खर्च रॅमवर करा, दुसरा एसएसडीवर, मॉनिटर त्यानंतर.

जोडणीतही पैसे वाया जातात. व्हीजीए स्प्लिटरने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. यूएसबीवरून मॉनिटर चालवणारे अनेक अडॅप्टर प्रोसेसरलाच राबवतात. मागे व्हीजीएसोबत एचडीएमआय किंवा डीव्हीआय असेल तर तेच वापरा. वेगळे कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडा.

खरेदीआधी एखाद्या कार्यकर्त्याचा मॉनिटर एक दिवस मागून आणा. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. रोजचे काम करत टास्क मॅनेजरमध्ये मेमरी पाहा. ती सतत 90 टक्क्यांच्या वर राहिली तर मॉनिटर थांबू द्या.

विहाराच्या दानपेटीत कुणाच्या तरी रोजंदारीचे पैसे असतात. ते खर्च करण्याआधी एक दिवस तपासणीला द्यायला हरकत नाही.