दहा हजारांत एक

केमोथेरपीचा पहिला टप्पा संपला, अस्थिमज्जेच्या स्लाइडवर अपरिपक्व ब्लास्ट पेशी पाच टक्क्यांहून कमी दिसल्या, की रुग्ण 'रेमिशन'मध्ये गेला असं म्हणत. १९८०च्या दशकापर्यंत रक्ताच्या कर्करोगात मुख्य भिस्त या सूक्ष्मदर्शकावरच होती. निदानाच्या वेळी ल्युकेमियाच्या रुग्णाच्या अंगात लाख कोटीच्या घरात रोगट पेशी असतात. रेमिशन मिळूनही त्यातल्या हजार कोटी मागे उरू शकतात. दोन मुलांना सारखेच उपचार, दोघांचे अहवाल सारखेच चांगले. तरी एक बरा होई आणि दुसऱ्याचा आजार उलटे. कोणाचा उलटणार, हे स्लाइड सांगू शकत नव्हती.

उरलेली पेशी ओळखायला खूण हवी होती. पहिली खूण १९६०मध्येच सापडली होती: फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात दिसलेलं तोकडं गुणसूत्र. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ते तयार होतं, हे १९७३मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवलं. पुढे पीसीआर तंत्र आलं आणि त्या सांध्यावरचं बीसीआर-एबीएल जनुक लाखभर पेशींतूनही हुडकता येऊ लागलं. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात दुसरी वाट मिळाली. प्रत्येक बी किंवा टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचे प्रकार) आपली काही जनुकं स्वतःच्या पद्धतीने जुळवते. एका पेशीपासून वाढलेल्या कर्करोगात ती जुळणी सगळीकडे सारखी सापडते. मात्र त्यासाठी प्रत्येक रुग्णाची चाचणी वेगळी बेतावी लागे.

तिसरी वाट फ्लो सायटोमेट्रीची. मज्जेच्या नमुन्यात रंगीत प्रतिपिंडं मिसळायची आणि एकेक पेशी लेझरपुढून सोडायची. पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके उमटतात. केमोनंतर नव्याने उगवणाऱ्या निरोगी बी पेशी ठरावीक वळणाने वाढतात. त्या वळणाबाहेर पडलेला पुंजका संशयास्पद. पाच लाख पेशी मोजल्या, तर दहा हजारांत एक या प्रमाणात हाती लागतात जेमतेम पन्नास ठिपके. तेवढ्यावर निकाल द्यायचा, म्हणून इथे यंत्राइतकीच बघणाऱ्याची नजर महत्त्वाची.

१९९८ साल निर्णायक ठरलं. रॉटरडॅमचे व्हॅन डोंगेन आणि युरोपातले सहकारी यांनी २४० मुलांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. उपचारांच्या सुरुवातीच्या दोन्ही तपासण्यांत अवशेष, म्हणजे उरलेल्या रोगट पेशी, दहा हजारांत एकापेक्षा कमी असलेल्यांत तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण २ टक्के. दोन्ही वेळा ते हजारात एक किंवा जास्त असलेल्यांत ७५ टक्के. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने त्याच वर्षी फ्लोने तोच धडा दिला.

पण नुसतं दिसून काय उपयोग? चाचणीला वजन आलं ते उपचार बदलू लागले तेव्हा. ब्रिटनच्या यूकेएएलएल २००३ चाचणीत कमी अवशेष असलेल्या मुलांची केमो कमी केली, तरी निकाल बिघडले नाहीत. २०१०मध्ये फ्रान्सच्या 'स्टिम' अभ्यासात, दोन वर्षं बीसीआर-एबीएल न सापडलेल्यांचं इमॅटिनिब हे औषध बंद केलं. सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार परतला नाही. २०१८मध्ये अमेरिकेत केवळ अवशेष शिल्लक असणं हे कारण मानून ब्लिनाट्युमोमॅब हे औषध द्यायला मान्यता मिळाली. त्याच वर्षी मान्यता मिळालेली जनुकवाचनाची चाचणी पुरेसा नमुना असेल तर दहा लाखांत एक पेशी शोधते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलसह देशातली मोठी केंद्रं 'आयसिकल' (ICiCLe) चाचणीत एकत्र आली आणि मुलांची जोखीम ठरवताना त्यांनी फ्लोचा आधार घेतला.

इतकं होऊनही सगळं अडतं ते कमरेच्या हाडातून काढलेल्या नमुन्यावर. पहिल्या ओढीतली मज्जा दाट असते. पुढच्या सिरिंजमध्ये रक्त मिसळत जातं आणि रोग असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. तेव्हा अहवालावर 'निगेटिव्ह' वाचून थांबू नका. नमुना पहिल्या ओढीचा होता का, पेशी किती मोजल्या आणि कितींत एक सापडली असती, एवढं डॉक्टरांना विचाराच.