परमुलखात ओळखीचं माणूस का भेटतं?

मे महिन्यात गौरीकुंडला केदारनाथच्या रांगेत उभा होतो. मागून हाक आली, "अरे, तू इकडे कुठे?" वळून बघतो तर आमच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका! डोक्याला माकडटोपी, हातात काठी, खांद्याला रोज भाजीला नेतात तीच निळी पिशवी. काकू म्हणाल्या, "देवानंच गाठ घालून दिली."

इतका आनंद झाला! आणि मला संख्याशास्त्राचं वेड, म्हणून त्या बाजूनेही थोडं सांगतो.

ठरावीक माणूस, ठरावीक जागी, ठरावीक दिवशी भेटणं खरंच दुर्मीळ. पण चेहऱ्याने ओळखतो अशी माणसं आपल्याकडे शेकड्यांनी असतात. त्यातलं कुणीही भेटलं तरी आपण थक्कच होतो.

वाढदिवसांचंही असंच आहे: २३ जण जमले की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. कारण २३ जणांच्या जोड्या होतात २५३!

पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ साली योगायोगांवर शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, संधी पुरेशा असल्या की कितीही अचाट गोष्ट घडू शकते.

शिवाय आपण विखुरतो तरी कुठे? सुट्ट्या मे नाहीतर दिवाळीच्या, ठिकाणं तीच, गाड्या त्याच. माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच.

आणि दहा पावलांवरून न दिसता निघून गेलेले ओळखीचे लोक? ते आपण मोजतच नाही.

तुम्हाला कोण, कुठे भेटलं? जरूर लिहा. गणिताबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा, सवडीने उत्तर देतो.