स्वयम् : चार वर्षांच्या पदवीत न मावलेला उपग्रह

पुण्याच्या सीओईपीमधील, म्हणजे १८५४ साली स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने अवकाशात सोडण्यात आला. त्या उड्डाणातील २० उपग्रहांपैकी मुख्य असलेला कार्टोसॅट ७०० किलोंहून जड होता, तर ‘स्वयम्’चे वजन जेमतेम १ किलो होते.

प्रकल्प सुरू झाला २००८ मध्ये, आणि अभियांत्रिकीची पदवी असते चार वर्षांची; त्यामुळे ज्यांनी पहिले आराखडे मांडले ते उड्डाणाच्या कितीतरी आधी संस्थेतून बाहेर पडले होते, आणि ज्यांनी शेवटच्या चाचण्या पाहिल्या त्यांना आरंभीचे निर्णय आयतेच मिळाले होते. शिक्षणाच्या दृष्टीने प्रकल्पाचे खरे मोल या अडचणीतच आहे. नेहमीच्या प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठाऊक असते आणि जर्नल तपासून झाले की ते कोणी पुन्हा उघडत नाही. येथे मात्र एखादा सुटा भाग का निवडला, कोणता पर्याय का सोडला, हे पुढच्या बॅचला उमगेल असे मांडून ठेवावे लागते, कारण त्या मांडणीवरच पुढचे काम उभे राहते.

उपग्रहाची दिशा स्थिर राखण्यासाठी योजलेली पद्धत अशा विचारपूर्वक निवडीची साक्ष देते. मोठ्या उपग्रहांत त्यासाठी मोटारीवर फिरणारी चाके असतात, परंतु १ किलोच्या घनात ना तेवढी जागा, ना तेवढी वीज. म्हणून ‘स्वयम्’मध्ये कायमचुंबक बसवण्यात आला, जो होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहण्याचा प्रयत्न करतो. एवढ्याने भागत नाही, कारण अवकाशात हवेचा अडथळा नगण्य असल्याने सुई झुलतच राहील. तेव्हा जोडीला मऊ चुंबकीय धातूच्या कांड्या लागतात, ज्यांचे चुंबकन दर झोक्यागणिक उलटसुलट होते आणि त्यात झोक्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. यालाच अक्रिय नियंत्रण म्हणतात: त्यासाठी वीज अजिबात लागत नाही, पण उड्डाणानंतर त्यात दुरुस्तीही करता येत नाही, आणि म्हणून सारे गणित जमिनीवरच चोख करावे लागते.

उपग्रहाचे काम हौशी रेडिओचालकांसाठी होते: एका ठिकाणाहून आलेला संदेश साठवायचा आणि कक्षेत पुढे सरकल्यावर दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा. त्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला अँटेनाची मर्यादा आणि अँटेना घडवणाऱ्याला बॅटरीचा हिशेब कळणे भाग होते, जे शाखानिहाय विभागलेल्या अभ्यासक्रमात सहसा घडत नाही.