सरकारी दवाखान्याकडे पाठ

पैशाअभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. तरीही गाठीला पैसा असलेला मनुष्य खाजगी डॉक्टरच गाठतो, आणि नसलेला कर्ज काढून गाठतो. त्याला अडाणी ठरविणे सोपे आहे. पण डॉक्टर भेटेलच अशी खात्री नसताना दिवसाची मजुरी बुडवून सरकारी दवाखान्यात कोणी जावे?

संग्रामपूर तालुक्यात हा प्रश्न जिवावरचा आहे. पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा. मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण येथे गावोगावी आढळतात. हे दुखणे एका सुईने हटणारे नव्हे. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, तेही जन्मभर. खाजगीत ते चालविताना प्रथम दागिने जातात, मग शेत.

आणि आपण सुशिक्षित? सरकारी रुग्णालयाची पायरी आपण केव्हाच सोडली. ज्याला तक्रार लिहिता येते तो तेथे जात नाही, जो जातो त्याचे कोणी ऐकत नाही. लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी आपल्या घरचे आजारपण निदान एकदा तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे, आणि इतरांबरोबर रांगेत बसावे, अशी आमची सूचना आहे.